रागाला प्रश्न विचारणारा कायदा



‘न्यायाला भावना नसतात’ असे आपण सहज म्हणतो. कायदा मात्र तसे मानत नाही. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे स्वतःवरचा ताबा सुटून कोणी जीव घेतला, तर कायदा त्याला खून न म्हणता सदोष मनुष्यवध म्हणतो. म्हणजे तो रागाची दखल घेतो. पण त्या रागाला प्रश्नही विचारतो.

मुंबईचा नानावटी खटला आठवू या. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नानावटी घरातून निघाल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले होते. मन ताब्यात आणायला तेवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १९६४ साली त्यांना माफी मिळाली.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, भावना मुळात चांगली किंवा वाईट नसते. ती विवेकाचे ऐकते की नाही, यावर तिचे मोल ठरते. त्या वेळी लोकांना फसवल्या गेलेल्या पतीचे दुःख दिसले. मृताच्या बहिणीचे फारसे दिसले नाही. निवडणुकीच्या सभेत किंवा शेजारच्या भांडणातही आपला कळवळा असाच आपल्या माणसापाशी थांबतो. तो दाबून टाकण्याची गरज नाही. या कळवळ्यातून कोण वगळले गेले, एवढे आपण स्वतःला विचारू या.