फलदर्शन आणि फलासक्ती

कर्म करावे, परंतु फलाची आसक्ती धरू नये, हा उपदेश आपल्या घराघरांत परिचित आहे. तथापि तो आचरणात आणू पाहणाऱ्या गृहस्थापुढे लवकरच एक अडचण उभी राहते. फलाची आसक्ती सोडणे म्हणजे फलाकडे पाहणेच सोडणे काय? दुकानदाराने वर्षअखेरीस जमाखर्च पाहू नये काय? मुलाला शिकविणाऱ्या पित्याने तो खरोखर शिकला की नाही हे तपासू नये काय? फलाकडे पाहावे तर मन गुंतते, आणि न पाहावे तर कर्म आंधळे होते. या पेचाचा उलगडा करण्यासाठी एखादे असे कर्म डोळ्यांपुढे ठेवावे, की ज्यात कर्त्याचा वाटा कोणता आणि त्याच्या हाती नसलेल्या कारणांचा वाटा कोणता, हे स्पष्टपणे वेगळे दाखविता येते. दूरच्या लक्ष्यावर रायफलने नेम मारण्याची स्पर्धा हे असे एक कर्म आहे.

इंग्लंडमध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८५९ मध्ये स्थापन झाली. तिची पहिली स्पर्धा १८६० मध्ये विंबल्डन येथे झाली आणि १८९० पासून ती सरे परगण्यातील बिस्ली येथे भरते. तेथील मुख्य पारितोषिकाला सिंहासनावर राणी असेल तेव्हा राणीचे आणि राजा असेल तेव्हा राजाचे पारितोषिक म्हणतात. अंतिम फेरीत ९०० व १००० यार्डांवरून प्रत्येकी १५ गोळ्या झाडावयाच्या असतात. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. रायफलीला दुर्बीण लावलेली नसते. इतक्या अंतरावर पूर्ण पाच गुण मिळवून देणारे मधले वर्तुळ अवघे दोन फूट व्यासाचे असते.

हात स्थिर असावा, श्वास आवरलेला असावा, चाप हळुवार दाबला जावा, हे सर्व आवश्यकच आहे. परंतु एवढ्याने भागत नाही. गोळीला तेथवर पोहोचावयास सुमारे दीड सेकंद लागतो, आणि त्या दीड सेकंदात वारा आपले काम करतो. ताशी दहा मैलांचा मंद भासणारा वारा अगदी आडवा वाहत असेल, तर या स्पर्धेतील नेहमीच्या गोळीला तो सात-आठ फूट बाजूला नेतो. वारा जिकडून येतो त्या बाजूला नेम साधण्याचे साधन त्या प्रमाणात सरकवून ठेवावे लागते. आता हिशेब पाहावा. वर्तुळाच्या मध्यापासून त्याची कड एक फुटावर आहे. म्हणजे ताशी दीड मैलाची चूक झाली तरी निर्दोष हाताने सोडलेली गोळी वर्तुळाबाहेर जाते. अशा ठिकाणी उत्तम नेमबाजाची परीक्षा हातापेक्षा वाऱ्याच्या वाचनात होते.

हा वारा वाचावयाचा कसा? चांदमारीच्या मैदानावर ठिकठिकाणी उंच पताका लावलेल्या असतात. त्यांच्या उठावावरून वेग कळतो आणि रोखावरून दिशा. गोळीच्या मार्गाशी तीस अंशांचा कोन करणारा वारा आडव्या वाऱ्याच्या निम्माच परिणाम करतो. म्हणून पताका जोराने फडफडत असूनही परिणाम थोडा असू शकतो. सर्वांत फसवा वारा तो, जो समोरून किंवा पाठीमागून येतो आणि क्षणात किंचित डावीकडे, क्षणात किंचित उजवीकडे वळतो. उन्हाच्या दिवशी आणखी एक साधन मिळते, ते म्हणजे तापलेल्या भूमीवरील हवेच्या लहरी. नेमबाज जवळ ठेवलेल्या वेगळ्या दुर्बिणीतून त्या पाहतो. वारा आडवा असेल तर त्या वाहताना दिसतात. वारा पडला असेल किंवा सरळ रेषेत असेल तर पाण्याला उकळी फुटावी तशा वर चढताना दिसतात. तापलेल्या हवेचा हा खेळ मृगजळाच्याच जातीचा आहे. जो पाण्याच्या आशेने पाहतो त्याला तो फसवितो. जो केवळ हवा कशी आहे हे जाणण्यासाठी पाहतो त्याला तो मार्ग दाखवितो. भेद पाहणाऱ्याच्या हेतूत आहे.

परंतु पताका आणि लहरी हे झाले अनुमानाचे साधन. ते अनुमान बरोबर होते की नाही, हे सांगणारा साक्षी एकच, आणि तो म्हणजे मागची गोळी. लक्ष्याखालच्या खंदकातील माणसे लक्ष्य खाली घेऊन छिद्रात खूण बसवितात व ते पुन्हा वर करतात. आता कित्येक ठिकाणी हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रेही करतात. नेमबाज ती खूण आपल्या कागदावर टिपतो व तिच्या आधारे पुढचा निर्णय घेतो. म्हणजे येथे फलाकडे पाहिल्यावाचून पुढचे कर्मच होऊ शकत नाही. मग आसक्ती कोठे शिरते?

ती शिरते फलाचा अर्थ लावताना. गोळी मध्यावर लागली की मन म्हणते, "माझे सर्व बरोबर होते." वस्तुतः असेही घडलेले असते की वारा डावीकडून होता, त्यासाठी सोडलेले अंतर कमी पडले, आणि त्याच वेळी हात डावीकडे ओढला गेला. दोन चुकांनी एकमेकींना झाकले आणि पाच गुण मिळाले. या फलाचा जो हर्ष करील तो पुढच्या वेळी, हात सुधारल्यावर, उजवीकडे चुकेल आणि का चुकला हे त्याला कळणार नाही. याच्या उलट गोळी बाहेर गेली की मन म्हणते, "वाऱ्याने घात केला". कारण वारा प्रतिवाद करावयास येत नाही.

यावर नेमबाजांनी एक शिस्त घालून घेतली आहे. गोळी सुटताच, लक्ष्यावरील खूण दिसण्यापूर्वी, नेमबाजाने आपल्याशी सांगावयाचे की सुटतेवेळी नेम नेमका कोठे होता. फल कळल्यानंतर दिलेली साक्ष फलाच्या रंगाने रंगते. फलापूर्वीची साक्ष शुद्ध असते. मग खूण दिसल्यावर आपल्या साक्षीत व फलात जे अंतर पडते, ते मुख्यत्वे वाऱ्याचे समजावयाचे. आपले आपल्याकडे आणि वाऱ्याचे वाऱ्याकडे, असा हा न्याय आहे.

हा प्रश्न केवळ स्वतःपुरता नाही, हे सांघिक सामन्यांत दिसून येते. बिस्लीच्या अशा सामन्यांपैकी एकाचा चषक कोल्हापूरच्या नावाचा आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या प्रवासास गेले होते आणि परतताना फ्लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. १८७१ पासून कोल्हापूरच्या राजांनी दिलेल्या या चषकासाठी निरनिराळ्या देशांचे संघ ३००, ५०० व ६०० यार्डांवरून स्पर्धा करीत आले आहेत. संघात आठ नेमबाज असतात, आणि वारा वाचण्याचे काम मार्गदर्शकाकडे असते. नेमबाजाने केवळ नीट गोळी सोडावयाची व ती कशी सुटली हे खरे सांगावयाचे. समजा, हात हलला असताही त्याने लाजेपोटी "नीट सुटली" असे सांगितले. मार्गदर्शक तो दोष वाऱ्याचा समजून अंतर बदलतो, आणि ज्याचा काहीच अपराध नाही अशा पुढच्या नेमबाजाची गोळी बाहेर जाते. एकाने झाकलेल्या दोषाचा दंड दुसऱ्याला भोगावा लागतो.

घराघरांत हेच घडत असते. कर्त्या पुरुषाने अविचाराने कर्ज काढलेले असते, आणि तो सांगतो की बाजारच वाईट आहे. मग घरातील मंडळी पोटाला चिमटा घेऊन बाजारावर उपाय करीत राहतात. मुळातला अविचार तसाच राहतो. याच्या उलट प्रकारही तितकाच घातक आहे. सर्व उपचार करूनही ज्या मातेचे मूल रोगाने गेले, ती वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत बसते आणि उरलेल्या मुलांना जवळ घेण्याचे बळही गमावते. वाऱ्याची चूक आपल्या हाताची मानून जो आपला चांगला हात बिघडवितो, त्याच्यासारखीच ही स्थिती आहे. पहिल्याला सत्य सांगण्याचे धैर्य हवे; दुसरीला सत्य ऐकविणारा करुणावान आप्त हवा.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव त्यांत पाचवे आहे, एकटे नाही. समोर फडकत असलेली पताका ज्याने पाहिलीच नाही, त्याने आपल्या अपयशाला दैव म्हणू नये. तो प्रमाद होय. सर्व पताका पाहून, लहरी पाहून, मागच्या गोळीची साक्ष घेऊनही जे उरते, तेवढेच दैव. शिवाय पूर्ण खात्री होईपर्यंत थांबण्याची मुभाही येथे नसते. बिस्लीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गोळीसाठी ४५ सेकंदच मिळतात. अपुऱ्या ज्ञानावर परंतु प्रामाणिकपणे निर्णय घ्यावा लागतो, आणि गृहस्थाश्रमातील निर्णयांचीही तीच रीत आहे.

तात्पर्य, अनासक्ती फलाकडे पाठ फिरवावयास सांगत नाही. फल पाहावे, परंतु साक्षी म्हणून पाहावे. त्याला पारितोषिक किंवा दंड समजून नव्हे. म्हणून विचारी गृहस्थाने एवढा नियम करून पाहावा: एखादे महत्त्वाचे कार्य हातावेगळे केल्यावर, त्याचे फल कळण्यापूर्वी, आपण त्यात कोठे नीट वागलो आणि कोठे हात हलला, हे एकांतात स्वतःला सांगावे. नंतर फल कसेही येवो. आपल्या वाट्याचे सुधारावे, वाऱ्याच्या वाट्याचे समजून घ्यावे, आणि पुढच्या कर्माला शांत चित्ताने लागावे.