दर्यातला वाटेकरी

आपल्या गावाच्या नावात दर्या आहे, पण खरा दर्या इथून शेकडो मैल दूर. सुकट-बोंबील घरात येतात तेवढीच त्याची ओळख. तरी मालवण-वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांचे गाऱ्हाणे आपल्याला लगेच कळेल. डॉल्फिन जाळ्यातले मासे खातात आणि जाळेही फाडतात, असे ते म्हणतात. रोही आणि रानडुकरांबद्दल आपण याहून वेगळे काय म्हणतो?

मग डॉल्फिनला चोर म्हणायचे का? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जलचर आणि पक्षी पाचव्या दिवशी निर्माण झाले आणि बहुगुणित होण्याचा आशीर्वादही त्यांना तेव्हाच मिळाला. माणूस आला सहाव्या दिवशी. म्हणजे समुद्राच्या पंगतीत ते आपल्या आधीपासून बसले आहेत.

शिवाय ते नुसते खात नाहीत. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत पेरूच्या बेटांवरून १९व्या शतकात जहाजे भरभरून युरोपच्या शेतांत गेले. देवमासे खोल पाण्यात चरतात आणि वर येऊन विष्ठा टाकतात. तिच्यातल्या लोह-नत्रावर सूक्ष्म वनस्पती वाढतात. माशांच्या अन्नाची सुरुवात तिथूनच होते. २०व्या शतकात दक्षिण गोलार्धात २० लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. खाणारे गेले म्हणजे त्यांचे खाद्य, ते कोळंबीसारखे क्रिल, भरमसाट वाढेल असा हिशेब होता. तसे झाले नाही. शेणखत बंद झालेल्या वावराचे काय होते, हे वऱ्हाडात कोणी शिकवायला नको.

पण एवढ्यावर मच्छीमाराला उपदेश करायला आम्ही धजत नाही. त्याचे फाटलेले जाळे खरे आहे. जाळे कापून डॉल्फिन, कासव यांसारखे संरक्षित जीव सोडणाऱ्यास जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ साली सुरू केली. चांगले झाले. तरी सुरी चालवायची ती आपल्याच पोटावर, आणि पैसे मिळणार मागाहून. डॉल्फिन पाहायला होडीत बसणारा पर्यटक, ताटात सुरमई मागणारा, लांबून हळहळणारे आपण, यांतल्या कोणाच्या खिशातून काय गेले? पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीची हाक आणि गरिबांची हाक वेगळी काढू दिली नाही, ती याचसाठी.

आपल्या धर्मग्रामातही रोहींनी तूर-हरभरा खाल्लेली घरे असतील. वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करताना कागदांत अडणारेही असतील. लिहिता-वाचता येणाऱ्यांनी मिस्सानंतर अर्धा तास थांबावे, त्यांचे अर्ज भरून द्यावेत.