रोग म्हणावा की भाजी?

आमच्या सोलापूरकडे शेतकऱ्यापुढे 'तांबेरा' हा शब्द नुसता उच्चारून पाहा. भाकरीचा घास हातातच राहील बिचाऱ्याच्या! पिकाच्या पानांवर तांबूस भुकटी दिसली, की ती बुरशी म्हणजे रोग, यावर गावात दोन तट पडत नाहीत. एरवी ते कशावरूनही पडतात!

पण या तांबेऱ्याचा एक चुलतभाऊ माळावरच्या बाभळीवर बसतो. ही बाभूळ जोडीजोडीने पांढरे काटे मिरवणारी. तिला कोणी लावत नाही, पाणी घालत नाही. बुरशी शिरली की काटे सुजून त्यांच्या गाठी होतात. आणि लोक काय करतात? औषध मारतात? छे! गाठी खुडतात आणि भाजी करून खातात! पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये काम केलेले शास्त्रज्ञ थिरुमलाचार यांनी नरसिंहन यांच्याबरोबर १९६१ साली या बुरशीचं नाव ठेवलं 'रॅव्हेनेलिया एस्क्युलेंटा'. एस्क्युलेंटा म्हणजे खाण्याजोगी. देवीच्या रोगाला कोणी 'रुचकर' म्हटल्याचं ऐकिवात नाही!

मग ही गाठ रोग की भाजी? बाभळीला विचाराल तर रोग, चुलीला विचाराल तर भाजी. आणि बाभळीला विचारतो कोण?

अमेरिकेत अशा झाडाचं प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. तिथला एक तांबेरा अर्धं आयुष्य जुनिपरच्या जातीच्या लाल सीडरवर गाठी करून काढतो आणि उरलेलं सफरचंदावर. सीडरचं फारसं बिघडत नाही. सफरचंदाची बाग मात्र जाते. व्हर्जिनिया राज्याने १९१४ साली कायदा केला : बागेजवळचे सीडर तोडा! मालक भांडले. १९२८ साली कोर्टाने राज्याची बाजू उचलून धरली. दोन्ही वाचणं शक्य नव्हतं, आणि सफरचंदात राज्याचा पैसा होता. मालकाला तोडणावळ मिळाली. झाडांची किंमत नाही.

निकाल चूक होता असं मी म्हणत नाही. ज्याची बाग जळते त्याला तत्त्वज्ञान ऐकवू नये. कुणाला तरी वाचवायचं तर कुणावर तरी कुऱ्हाड पडते, हे कबूल. पण मग तसं सरळ म्हणावं : "बाबा रे, तुझं काही चुकलं नाही, आम्हाला सफरचंद हवंय." आणि म्हणताना खिशात हात घालावा. आपण करतो उलटं. आधी त्याला रोगट ठरवतो, म्हणजे भरपाईचा प्रश्नच मिटला! झाडांच्या बाबतीत हे चालतं, आणि रस्तारुंदीत घर जाणाऱ्या माणसांच्या बाबतीत तर फारच सुरळीत चालतं.