श्रवणाचे द्वार

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. मग ज्या बालकाच्या कानाच्या जागी जन्मतःच मांसाची लहानशी घडी आहे व कर्णरंध्र बुजलेले आहे, त्याला श्रवणाचा अधिकार नाही काय?

वनपर्वातील अष्टावक्र आठवावा. मातेच्या उदरात असतानाच त्याने पित्याच्या वेदपठणातील चुका ऐकल्या. कहोड संतापला आणि त्याच्या शापाने बालक आठ ठिकाणी वाकडे होऊन जन्मास आले. देह वाकला, श्रवण अभंग राहिले. पुढे जनकाच्या द्वारपालाने त्याला पोर म्हणून अडविले, तरी सभेत बंदीला जिंकून त्याने जलात बुडविलेल्या त्याच पित्याला सोडवून आणले. या कथेत माता सुजाता हिच्याकडे यत्किंचितही दोष नाही.

आपण मात्र प्रथम मातेलाच विचारतो, ‘ग्रहणात विळी हाती धरली होतीस काय?’ कान घडतो तो गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत. ग्रहणाचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही. पुष्कळदा कारण वैद्यांनाही सापडत नाही. त्या माउलीला आयुष्यभर अपराधी ठरविणे हेच खरे पातक होय.

अशा बहुतेक मुलांचा अंतःकर्ण शाबूत असतो. ध्वनी कवटीच्या हाडातूनही आत पोचतो. त्यासाठी डोक्याच्या पट्ट्यावर बसविलेले यंत्र तान्ह्या बाळालाही लावता येते. दोन्ही कान बंद असतील तर येथे विलंब करू नये, कारण ऐकल्यावाचून वाचा फुटत नाही. एकच कान बंद असलेले मूल घरात सारे ऐकते, म्हणून आपण निश्चिंत राहतो. वर्गाच्या गलबल्यात मात्र हाक कोठून आली हे त्याला उमगत नाही, आणि गुरुजी त्याला बेफिकीर समजतात. त्याला पुढच्या बाकावर, चांगला कान गुरुजींकडे येईल असे बसवावे. सोबत्यांची चेष्टाही घरी हसण्यावारी नेऊ नये.

सुश्रुताने कानाची पाळी सांधण्याचे १५ प्रकार सांगितले. आज बरगडीच्या कूर्चेपासून नवा कान घडवितात, बहुधा आठ-दहा वर्षांच्या वयानंतर. परंतु श्रवणाची परीक्षा तोवर थांबवू नये. आपल्या हैदराबादचे सुपुत्र व १९७० ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था मुंबईत १९८३ साली निघाली; तिचे केंद्र सिकंदराबादेत, मनोविकासनगरात आहे.

आणि कर्णवेधाचा दिवस टाळू नका. पाळी एकच असेल तर एकच टोचावी. बाळाची कुंची काढून ठेवावी, आणि आप्तेष्टांना अगत्याने बोलवावे.