जुनी गाडी आणि तिच्यात बसणारी माणसे

स्थिरस्थावर झालेल्या गृहस्थाला मध्यम वयात अरण्याची ओढ लागावी, यात नवल नाही. आपल्या पूर्वजांनी या ओढीसाठी आयुष्यातला एक सबंध आश्रम राखून ठेवला होता. मात्र वानप्रस्थाला निघणारा संसार मुलांच्या हाती सोपवून निघे. पत्नीने बरोबर यावे की मुलांजवळ राहावे, एवढाच प्रश्न उरे. आजच्या गृहस्थाची तऱ्हा उलट आहे. तो संसार मागे ठेवीत नाही, गाडीत भरतो. पत्नी, दोन मुले, क्वचित वृद्ध आई, अंथरुणे, शेगडी, पाण्याचे कॅन आणि टपावर तंबू असा सारा प्रपंच घेऊन तो डांबरी रस्ता जेथे संपतो तेथून पुढे जाऊ पाहतो. एकट्याने पत्करलेले कष्ट आणि धोके ही ज्याची त्याची बाब असते. इतरांना बरोबर घेऊन पत्करलेल्या धोक्याचा न्याय निराळा, आणि तो कसा करावयाचा हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. जुन्या गाडीची निवड आणि बांधणी हे त्याचे केवळ निमित्त, असे कोणी म्हणेल. मला मात्र वाटते की तो प्रश्न त्या निवडीत आणि बांधणीतच दडलेला आहे.

बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या नोकरदार मंडळींना हा छंद जडण्याचे कारण उघड आहे. देहरादून, सिमला, जबलपूर, शिलाँग अशा ठिकाणी बदली झाली की डोंगर आणि वने दाराशी येतात. आणि दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्याला चार दिवसांचे बिऱ्हाड जड वाटत नाही. नवी मोठी गाडी वेतनात बसत नाही, म्हणून नजर जुन्यांकडे वळते. त्यांत जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या परवान्याने तयार होणारी आणि १९९९ मध्ये उत्पादन थांबलेली जोंगा आहे. लष्कराने लिलावात काढलेल्या या गाड्या अजून कोठेकोठे धावतात. १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो आहे. तिच्या नावात सुमंत मुळगावकर यांच्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे आहेत, हे मराठी माणसाला सांगावयास नको. आणि १९९८ ते २०१९ या काळात निघालेली सफारी आहे. २०२१ मध्ये तेच नाव घेऊन आलेली गाडी निराळ्या घडणीची. तिला शिडीसारखी स्वतंत्र चासी नाही आणि चारही चाकांना ओढ नाही. म्हणून ज्याला कुटुंबासह आडवाटेने जावयाचे आहे तो जुन्या सफारीतली चारही चाकांना ओढ देणारी, चढासाठी लो गिअर असलेली गाडी शोधीत फिरतो. पुढील विवेचनात तीच माझ्या डोळ्यांसमोर आहे.

जुनीच का, असे विचारले तर किमतीखेरीज आणखी एक उत्तर मिळते. जुन्या गाडीत विजेची गुंतागुंत कमी. काही बिघडले तर पान्याने आणि हातोडीने दुरुस्त होते. त्यामुळे माणूस स्वावलंबी राहतो. या उत्तरातला पूर्वार्ध बहुतांशी खरा आहे. उत्तरार्ध मला पटत नाही. पान्याने दुरुस्त होणारी गाडी पाना चालविता येणाऱ्याच्या हातूनच दुरुस्त होते, आणि आपल्यापैकी किती जणांना तो चालविता येतो? काझाला किंवा केलाँगला ज्या मेस्त्रीच्या भरवशावर आपण निघतो, त्याच्या कसबाला स्वतःचे स्वावलंबन म्हणणे हे नुसते चुकीचे नव्हे, काहीसे कृतघ्नपणाचेही आहे. जुनी गाडी माणसाला एकटा पाडीत नाही, हाच तिचा खरा गुण. ती वाटेवरच्या अनोळखी माणसांशी त्याची गाठ घालून देते. नवी गाडी बिघडली की कंपनीच्या माणसाला दूरध्वनी करावा लागतो. जुनी बिघडली की ट्रक थांबतो आणि क्लीनर खाली उतरतो.

विकत घेताना पाहावयाचे काय? रंग, गाद्या, इंजिनाचा आवाज हे सारे नंतरचे. प्रथम गाडीखाली आडवे होऊन चासी पाहावी. समुद्रकाठी राहिलेल्या गाडीच्या लोखंडाला खारी हवा आतून खाते आणि वरचा काळा रंग ते झाकून ठेवतो. इंजिन बदलता येते, गिअरपेटी उघडता येते, चाके तर टायरवाल्याकडे मिळतातच. पण चासी सडली की गाडी संपली. यावरून मिलिंदप्रश्नातील रथाचा संवाद आठवतो. नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. आणि प्रत्येक वेळी नकार येता येता रथ नावाची वेगळी वस्तूच हाती लागत नाही. तत्त्वज्ञाला जे सापडले नाही ते आर.टी.ओ.ला सापडले आहे: चासीवर ठोकलेला क्रमांक म्हणजे गाडी. यात थट्टा थोडी आणि तथ्य पुष्कळ आहे. नाव आणि उपयोग यांपलीकडे वस्तूला सत्त्व नसेलही, तथापि उत्तरदायित्व कोठेतरी ठोकून ठेवावेच लागते. नाही तर अपघातानंतर गाडी कोणाची, हा प्रश्नही निरुत्तर राहील. कागदपत्रांविषयी वेगळे सांगत नाही. एका राज्यातील गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, हे मोटार वाहन अधिनियमाचे ४७ वे कलम बदलीच्या माणसाला पाठच असते.

त्याच अधिनियमाचे ५२ वे कलम मात्र फारसे कोणी पाठ करीत नाही. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीतील तपशील भिन्न होईल असा फेरफार मालकाने करू नये, असे ते सांगते. आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही घडणीतील असे फेरफार ग्राह्य नाहीत असा निर्णय दिला. पुढचे पोलादी कठडे लावण्याविरुद्ध केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहिलेच होते. असे असूनही गाडी उंच करणे, चाके मोठी करणे, पुढे पोलादी कठडा बसविणे हे या छंदाचे जणू उपनयनसंस्कार होऊन बसले आहेत. कचेरीत नियमाच्या स्वल्पविरामावरून धारिका परत पाठविणारा अधिकारी रविवारी गॅरेजात उभा राहून हेच करवून घेतो, आणि खासगी गाडीवर ‘भारत सरकार’ अशी पाटी लावून तपासणी चुकवितो, तेव्हा त्याच्या मनात कायदा दोन प्रकारचा असतो, एक लोकांसाठी आणि दुसरा आपल्यासाठी. मला हा फेरफारापेक्षाही मोठा दोष वाटतो. शिवाय या कलमामागे युक्तिवाद आहे. गाडीचा नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत ब्रेक, सुकाणू, दिवे यांसह तपासला जातो तो एका विशिष्ट उंचीचा आणि विशिष्ट चाकांचा असतो. उंची बदलली की गुरुत्वमध्य वर जातो. चाके मोठी केली की ब्रेकांवर अधिक ताण येतो आणि वेग दाखविणारा काटा खरे बोलत नाही. ती गाडी मग कोणीच तपासलेली नसते. पोलादी कठड्याचा तर हिशेबच वेगळा: धडक बसली तर आपला पत्रा वाचतो आणि समोरच्या पादचाऱ्याची मांडी मोडते. आपला धोका परक्याच्या अंगावर ढकलण्याला बांधणी म्हणावे काय?

एवढ्यावरून कोणी समजेल की बांधणीला मी प्रतिकूल आहे. तसे नाही. प्रश्न वजनाचा आहे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण या छंदातील सारे नीतिशास्त्र वजनात उतरते असे मला दिसून आले आहे. प्रत्येक गाडीला एकूण वजनाची मर्यादा असते आणि ती नोंदणीपत्रावर लिहिलेली असते. तीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ते माणसांचे आणि सामानाचे. पाच माणसांचे तीनशे किलो धरावेत. माणशी रोज चार लिटर या हिशेबाने दोन दिवसांचे पाणी चाळीस लिटर, म्हणजे चाळीसच किलो; पाणी या बाबतीत मोठे सचोटीचे आहे. वीस लिटर डिझेलचे सतरा किलो आणि वर डब्याचे वजन. इथपर्यंत सारे आवश्यक. मग विंच येते, दुसरी बॅटरी येते, शीतपेटी येते, टपावरचा घडीचा तंबू येतो, आणि तो पेलण्यासाठी भारी कॅरिअर येतो. या साऱ्या वजनाने मागच्या स्प्रिंगा बसतात, म्हणून त्या जाड कराव्या लागतात. जाड स्प्रिंगांमुळे मोकळी गाडी उडते, म्हणून शॉक अॅब्सॉर्बर बदलावे लागतात. गाडी जड झाली म्हणून चिखलात अधिक रुतते, आणि रुतते म्हणून विंच आवश्यक ठरते. जिच्यामुळे रुतली तिनेच ती बाहेर काढावयाची, असा हा प्रकार आहे. अपरिग्रहाचे व्रत आपण शब्दाने फार ऐकले. येथे ते काट्यावर मोजता येते. भरलेली गाडी एकदा धर्मकाट्यावर नेऊन उभी करावी आणि जो आकडा येईल तो नोंदणीपत्राशी ताडून पाहावा.

उलट ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात त्यांचे वजन फार थोडे असते. वाळूत किंवा मऊ मातीत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा तीस-बत्तीस पौंडांवरून अठरा-वीसवर आणली की टायर पसरतो, जमिनीवरचा दाब कमी होतो आणि गाडी न रुतता पुढे जाते. यासाठी लागतो तो हवा मोजण्याचा काटा आणि पुन्हा हवा भरण्याचा लहानसा पंप. चांगल्या चार टायरांवर आणि ब्रेकांच्या नव्या नळ्यांवर केलेला खर्च कोणास दिसत नाही, त्याचे छायाचित्रही निघत नाही. कदाचित म्हणूनच तो मागे पडतो. ओढण्याचा एक दोर, फावडे, जॅकखाली ठेवावयाची फळी, ठाकठीक स्टेपनी आणि बरोबर दुसरी गाडी, एवढ्यात बहुतेक प्रसंग निभावतात.

आता बरोबरच्या माणसांकडे वळू. जुन्या सुमोच्या आणि सफारीच्या मागच्या भागात समोरासमोर आडवी बाके असत आणि मुलांना तीच जागा प्रिय असे. अनेकांच्या लहानपणीच्या प्रवासाची आठवण त्या बाकाशी बांधलेली आहे. परंतु अपघातात आडव्या बसलेल्या शरीराला आधार मिळत नाही. आपण तसे बसून सुखरूप आलो म्हणून आपल्या मुलांनीही तसे बसावे, हा युक्तिवाद आठवणीचा असतो, विचाराचा नसतो. ती बाके काढून तेथे सामान जाळीने बांधावे, आणि पुढे तोंड केलेल्या, पट्टे असलेल्या आसनांवर जेवढी माणसे मावतील तेवढीच न्यावीत. जुन्या गाडीच्या दोषांपैकी हाताने दूर करता येण्यासारखा हा एक दोष आहे. वातपिशव्यांचा अभाव हाताने दूर होत नाही, आणि ती उणीव वेग कमी ठेवूनच भरून काढावी लागते.

उंचीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून सुमारे २,००० मीटरवरच्या मनालीहून सकाळी निघून संध्याकाळी सुमारे ४,२५० मीटरवरच्या चंद्रतालाजवळ पोहोचणे सोपे झाले आहे. गाडीला ते झेपते, रक्ताला झेपत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, हा वैद्यकाचा सर्वसाधारण संकेत. येथे एका दिवसात दोन हजारांहून अधिक चढ होतो. हवा विरळ झाली की जुने डिझेल इंजिन काळा धूर सोडून तक्रार तरी करते. सहा वर्षांचे मूल केवळ किरकिर करते, जेवत नाही, आणि आपण त्याला प्रवासाचा शीण म्हणतो. गाडी जितकी समर्थ, तितका हा फसवा अवकाश वाढतो. पायी जाणाऱ्याला त्याचे शरीरच थांबवीत असे. गाडीने ते काम आपल्या विवेकाकडे सोपविले आहे, आणि ‘एवढे आलो आहोत तर’ या तीन-चार शब्दांपुढे विवेक फार टिकत नाही.

जमिनीचेही देणे आहे. थंड वाळवंटातील ओलसर कुरणावरून एकदा गेलेल्या जड चाकाचा चर वर्षानुवर्षे बुजत नाही. त्याच्या बाजूने दुसरी गाडी जाते, मग तिसरी. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीत आहे आणि तेथे तंबू काठापासून दूरच ठोकावे लागतात. उत्तराखंडातील बुग्यालांवर रात्री मुक्काम करण्यास तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली. येथे एक आक्षेप येतो तो असा: जुनी गाडी वापरणारा नवी घडविण्यासाठी लागणारे पोलाद आणि ऊर्जा वाचवितो, मग त्याला दोष का द्यावा? वर्षाकाठी थोडे फिरणाऱ्याच्या बाबतीत हे खरे आहे. पण त्याच जुन्या डिझेलने रोज कचेरीला जाऊ लागले तर धूर शेजाऱ्यांच्या छातीत जातो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांविरुद्ध हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आदेश दिले. तो वाद २०२५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि वयाची रेषा नेमकी कोठे ओढावी याविषयी मतभेद होऊ शकतो. शेजाऱ्याच्या छातीविषयी होऊ नये.

मुलांना विचारावे काय, असेही मला एकाने विचारले. जरूर विचारावे, आणि बारा वर्षांची मुलगी ‘नको’ म्हणाली तर ते मत मोजावे. कुटुंबाला अरण्य दाखविण्याच्या उत्साहात पुष्कळदा आपण कुटुंबाला आपले धाडस दाखवीत असतो, आणि हे मुलींच्या लवकर ध्यानात येते.

राहता राहिला वेळ. चंद्रतालला मुलांसह जावयाचेच असेल तर मनालीकडून चढू नये. सिमल्याहून किन्नौरमार्गे कल्पा, नाको, ताबो, काझा असे टप्प्याटप्प्याने जावे, काझाला दोन रात्री काढाव्यात, आणि कुंझुम ओलांडून तलावाकडे उतरावे. शरीर वाटेत तयार होते आणि गाडीलाही उसंत मिळते. मात्र सुट्या जोडूनही हा प्रवास घाईत आटोपता येत नाही, आणि केंद्र सरकारच्या सेवेत नैमित्तिक रजा वर्षाला आठच मिळते. त्यासाठी अर्जित रजेचा अर्ज आधीपासून द्यावा लागेल. कारणाच्या रकान्यात काय लिहावे, ते ज्याने त्याने आपला वरिष्ठ पाहून ठरवावे.