पंधरा दिवसांची माया

आपली जी कुटुंबे मुंबई-पुण्याहून, अहमदाबादहून किंवा इस्राएलमार्गे कॅनडात येऊन स्थिरावली, त्यांची तिसरी पिढी आता कॉलेजात आहे. या मुलामुलींना स्वस्थ बसवत नाही. कुठेतरी जावे, कोणाच्या तरी उपयोगी पडावे, असे त्यांना मनापासून वाटते आणि ते वाटणे खोटे नसते. ऑन्टारिओ प्रांतात १९९९ पासून हायस्कूलात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला शेवटचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी ४० तासांची समाजसेवा करावीच लागते. त्यामुळे सेवेची सवय शाळेतच लागते. सेवा तासांवर मोजण्याची सवयही तिथेच लागते, पण तो वेगळा विषय.

माझ्या बहिणीची नात एकोणीस वर्षांची आहे. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतर्फे तिला भारतातील एका बालगृहात पंधरा दिवस जायचे आहे, आणि ते बालगृह आहे रायगड जिल्ह्यात. रायगड म्हणजे आपला जुना कुलाबा. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी ज्या गावांची नावे आपण आडनावांतून साऱ्या जगभर फिरवली, तोच हा मुलुख. त्यामुळे घरात सर्वांना आनंद झाला आणि तयारी जोरात सुरू झाली. टायफॉइडची लस झाली, मलेरियाच्या गोळ्या आल्या, मैत्रिणींनी केक विकून पैसे जमवले. खडू, फुगे आणि टी-शर्टांनी एक मोठी बॅग भरली. संस्थेने तयारीची दोन पाने पाठवली होती. त्यांत पाणी कोणते प्यावे, कपडे कसे असावेत, विमा कोणता घ्यावा, सर्व काही होते. ज्या मुलांसाठी जायचे त्यांच्याविषयी मात्र एकच सूचना होती. मुलांना भरभरून प्रेम द्या, एवढीच.

वाचकहो, प्रेम द्या म्हटले तर त्यात वावगे काय, असे आपण विचाराल. माझा प्रश्न तेवढ्याचाच आहे. पंधरा दिवसांनी जे परत न्यायचे आहे, ते द्यावे काय?

माझा भाचा, म्हणजे मुलीचा बाप, हिशेबी माणूस. त्याचा विरोध निराळ्या कारणाने होता. तो म्हणाला, "मावशी, टोरोंटो-मुंबई जाण्या-येण्याला लाख रुपये तरी पडतात. महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेत निराधार मुलाला घरीच सांभाळायला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. म्हणजे हिच्या तिकिटात एक मूल साडेतीन वर्षांवर आपल्या माणसांत राहील. मग ही तिथे जाऊन फुगे फुगवणार कशाला?"

हिशेब चुकीचा नाही. २०२३ साली त्या योजनेची रक्कम वाढून तेवढीच झाली. पण असा हिशेब मांडणारे तिकिटाचे पैसे मागाहून पाठवतात, असे सहसा दिसत नाही. मी हे त्याला बोलूनही दाखवले आणि तो हसला. दुसरे असे की, पैसा पाठवला म्हणजे हात स्वच्छ राहिले, असेही नाही. पन्नास खाटांच्या इमारतीला देणगी मिळाली की पन्नास खाटा भराव्या लागतात. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने २००९ साली दाखवून दिले की, जगभर संस्थांमध्ये ठेवलेल्या दर पाच मुलांपैकी निदान चारांचे आई किंवा बाप, एक तरी, जिवंत असते. आपल्या रायगडातच पाहा. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला बाहेर पडतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा घरातले मूल वसतिगृहात किंवा बालगृहात दिसले, तर त्याला आई नाही असे समजू नये. आईला गावात काम नाही, एवढेच अनेकदा खरे असते. भारताच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि अशी प्रत्येक संस्था नोंदलेली असली पाहिजे असे बंधन घातले आहे. तेव्हा जाणाऱ्याने बॅग भरण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा की, संस्था नोंदलेली आहे काय, आणि तिथली मुले वर्षातून घरी जातात काय.

हेतू चांगला असला म्हणजे मुलांचे भलेच होते, ही समजूत कॅनडाने पूर्वीच पारखून पाहिली आहे. १८६९ पासून १९३० नंतरच्या काही वर्षांपर्यंत ब्रिटनमधून सुमारे एक लाख मुले जहाजांत बसवून या देशात आणली गेली. मराया राय, ॲनी मॅकफर्सन, डॉक्टर बर्नार्डो ही नेणारी मंडळी दुष्ट नव्हती. लंडनच्या गल्ल्यांतून पोरांना मोकळ्या हवेत न्यावे, अशीच त्यांची कळकळ होती. तयारीही चोख असे. मुलाबरोबर कपड्यांची पेटी भरून दिली जाई. पण त्यांतील पुष्कळांचे आईबाप हयात होते, आणि इथे शेतांवर त्यांतली कित्येक घरची मुले न होता घरगडी झाली. कॅनडाने २०१० हे वर्ष त्यांच्या स्मरणासाठी पाळले. पेटीत काय काय घातले याची यादी करणाऱ्यांनी मुलाला काय विचारले, हा प्रश्न तेव्हा कोणी केला नव्हता.

आपल्या यहूदी बांधवांची हकीकत अधिक जवळची आहे. १९४७ साली कॅनडा सरकारने युरोपातील एक हजार यहूदी अनाथ मुलांना येऊ देण्याचा हुकूम काढला. कॅनेडियन ज्यूइश काँग्रेसने जबाबदारी घेतली आणि १९४९ पर्यंत १,१२३ मुले आली. घरे देणाऱ्या कुटुंबांना बहुधा लहानशी, गोंडस मुलगी हवी होती. उतरले ते बहुतेक पंधरा-सतरा वर्षांचे मुलगे. छावण्यांतून वाचलेले, कोणावर विश्वास न ठेवणारे, शाळेपेक्षा कामाची निकड असलेले. देणाऱ्याच्या मनातले मूल आणि दारात उभे राहिलेले मूल ही दोन निराळी होती. ज्या घरांनी दारातल्याला आत घेतले, त्यांचे काम खरे. हे मी मुलीला सांगितले तेव्हा तिने विचारले, "आजी, मग माझ्या मनातलं मूल कुठलं?" तिच्या फोनमध्ये संस्थेने पाठवलेले चित्र होते. एक चार वर्षांची मुलगी हसत हात पुढे करून उभी.

चार वर्षांचे मूल परक्याकडे असे धावत का येते, याचा विचार आपण करीत नाही. आपली नातवंडे अनोळखी माणूस आला की आईच्या मागे लपतात, आणि ते निरोगीपणाचे लक्षण आहे. इंग्लंडात जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६९ साली एक चित्रपट प्रसिद्ध केला. जॉन नावाचा सतरा महिन्यांचा मुलगा, आई बाळंतपणाला गेली म्हणून नऊ दिवस एका शिशुगृहात राहिला. तिथल्या परिचारिका मायाळू होत्या, कोणी त्याला मारले नाही की उपाशी ठेवले नाही. फक्त त्या पाळीप्रमाणे बदलत. जॉनने एकीला धरले, ती गेली. दुसरीला धरले, तीही गेली. शेवटी त्याने माणसांचा नाद सोडला आणि कापडी अस्वलाला कवटाळून पडून राहू लागला. नवव्या दिवशी आई आली तेव्हा तो रडला आणि तिच्यापासून तोंड फिरवले. आता ज्या बालगृहात दर पंधरवड्याला कॅनडाहून एक नवी ताई येते आणि भरभरून प्रेम देऊन जाते, तिथल्या मुलाच्या वाट्याला किती जाणी येतात, ते आपणच मोजावे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या डिसेंबरात अनाथालयांतील अशा पाहुण्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली.

अनाथ कोणाला म्हणावे, हे रंबाम यांनी मिश्ने तोरामध्ये, मनुष्याच्या वागणुकीविषयीच्या प्रकरणात सांगितले आहे. अनाथाशी मृदू बोलावे, त्याच्या पैशाला आपल्या पैशाहून अधिक जपावे, अनाथ राजघराण्यातला असला तरी हेच, असे सांगून झाल्यावर ते विचारतात की, अनाथपण केव्हा संपते. त्यांच्या उत्तरात वयाचा आकडा नाही. ज्याच्यावर टेकून राहावे, जो आपल्याला वाढवील, असे मोठे माणूस लागेनासे होते तेव्हा ते संपते, असा त्याचा भावार्थ. बाराव्या शतकातल्या या माणसाला मुलाचे मर्म कळले होते. अनाथ म्हणजे ज्याला टेकायला भिंत नाही तो. मग आपण पंधरा दिवस भिंत होऊन उभे राहिलो, मूल टेकले, आणि आपण विमान पकडायला निघालो, तर त्याला काय म्हणावे?

इव्हान इलिच या विचारवंत पाद्र्याने १९६८ साली अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते की, मेक्सिकोत पाहायला या, शिकायला या, पण आमचे भले करायला येऊ नका. ते भाषण कडवट आहे आणि मला ते पूर्णपणे पटत नाही. कोणी कोणाकडे जाऊच नये, असे म्हटले तर जग आपापल्या घरात कडी लावून बसेल. पण इलिच ज्यांच्या वतीने बोलत होते ते गावकरी मोठे होते, त्यांना पाहुण्याला नको म्हणता येत होते. मुलाला तेही जमत नाही, म्हणून मुलांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे अधिकच लागू पडते.

मी मुलीला एक उलटी कल्पना करायला सांगितली. पेणची एक एकोणीस वर्षांची मुलगी, इंग्रजीचे चार शब्द येणारी, टोरोंटोच्या एखाद्या पाळणाघरात येते, पंधरा दिवस मुलांना कडेवर घेते, त्यांचे फोटो काढून गावाकडे पाठवते. चालेल काय? इथे तर मुलांमध्ये काम करायचे म्हटले की पोलिसांकडून खास चौकशीचा दाखला आणावा लागतो, आणि आईबापांच्या परवानगीवाचून फोटो म्हणजे भांडणच. जे इथल्या मुलांच्या बाबतीत चालत नाही ते तिथल्या मुलांच्या बाबतीत का चालावे, याला तिच्यापाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नाही. दाखला मात्र तिने संस्थेने मागितला नसताना काढला, आणि फोनमधले ते चित्रही पुसून टाकले.

याचा अर्थ कॅनडातून गेलेल्या सर्वांनी नुकसानच केले असे नव्हे. फ्रेड आणि बॉनी कॅपुचिनो हे जोडपे पुष्कळांना ऐकून माहीत असेल. १९७२ च्या जुलैत ढाक्याहून पंधरा युद्धबालके कॅनडात दत्तक आणली गेली, त्या कामात ते दोघे होते. त्यांनी स्वतः एकवीस मुले वाढवली, त्यांपैकी एकोणीस दत्तक. १९८५ साली ऑन्टारिओतील मॅक्सव्हिल गावातून त्यांनी 'चाइल्ड हेवन इंटरनॅशनल' ही संस्था काढली आणि गांधीजींच्या विचारांवर भारतात मुलांची घरे उभी केली. त्यांतले एक आपल्या पेण तालुक्यात, सावरसईला होते. कारभार तिथल्याच माणसांकडे, जेवण साधे शाकाहारी, जातपात नाही, मुलगा-मुलगी भेद नाही. संस्था कितीही चांगली असली तरी ती घर नव्हे, हा आक्षेप त्यांनाही लागू आहेच. पण मला त्यांच्यातली एक गोष्ट मोठी वाटते. बॉनीबाई वर्षानुवर्षे त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा जात राहिल्या.

आपल्या मराठीत निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मुलगी माझ्याकडे दर रविवारी मराठी शिकायला येते. खडू-फुग्यांपेक्षा ही तयारी मला अधिक कामाची वाटते. 'जेवलास का', 'कुठं दुखतंय', 'नको असेल तर नको म्हण' ही वाक्ये तिने पाठ केली. 'येते' शिकवताना मात्र ती अडली. "पण आजी, मी परत येणार नसले तर हे खोटं नाही का?" असे तिने विचारले. मोठ्यांशी बोलताना ती रीत आहे, कोणी हिशेब ठेवत नाही. मूल ठेवते.

शेवटी तिने एक शहाणपणाचे काम केले. संस्थेला मध्ये न घालता बालगृहाच्या अधीक्षिकाबाईंना सरळ पत्र लिहिले की, तुम्हाला कशाची गरज आहे. उत्तर मराठीत आले, ते मी वाचून दाखवले. खेळायला माणूस नको आहे. रात्रपाळीच्या दोन मावश्या आहेत, त्यांना कित्येक महिन्यांत रजा नाही. बदली बाईचा पगार कोणी दिला तर त्या आळीपाळीने घरी जाऊन येतील. दहावीच्या मुलींना इंग्रजी बोलण्याचा सराव हवा, पण तो तीन महिने तरी चालायला हवा. कार्यालयातली नोंदवही संगणकावर चढवायची आहे. आणि लहान मुलांच्या खोलीत तूर्त कोणी नवे नको, कारण गेल्या वर्षीच्या ताईची आठवण एक मुलगा अजून काढतो.

पत्र ऐकून मुलगी बराच वेळ गप्प होती. तिला लहान मुलांसाठीच जायचे होते. मग तिने संस्थेची पंधरा दिवसांची जागा सोडली. केकचे पैसे मैत्रिणींना विचारून बदली बाईच्या पगारासाठी पाठवायचे ठरले आहे, आणि भाच्याने त्यात आपलेही घातले, हे सांगितले पाहिजे. तीन महिने जायचे तर कॉलेजचे एक सत्र बुडते, त्याला तो राजी नाही. आईचे म्हणणे, पुढच्या वर्षी पाहू. मुलगी म्हणते, पुढच्या वर्षी त्या दहावीच्या मुली तिथे नसतील. तिकीट अजून काढलेले नाही.