काट मारण्याआधी

वर क्ष² + ५क्ष + ६, खाली क्ष² − ९. दोन्हीकडे क्ष² दिसला की आठवीतल्या हुशार मुलाचाही हात शिवशिवतो आणि तिरकी रेघ ओढून तो मोकळा होतो. उरतं वर ५क्ष + ६, खाली उणे ९. दिसायला सुटसुटीत, पण साफ चूक. क्ष च्या जागी ४ घाला: मूळ राशीची किंमत ४२ भागिले ७, म्हणजे ६, काटलेल्या राशीची उणे २६ भागिले ९.

अंश आणि छेद या दोघांनाही एकाच राशीने भागलं तर किंमत बदलत नाही, एवढ्यावरच सगळी काटाकाट उभी आहे. भागायचं ते अख्ख्या अंशाला. तीन पदांतल्या एकालाच भागून कसं चालेल? म्हणून आधी अवयव पाडायचे. वर (क्ष + २)(क्ष + ३), खाली (क्ष − ३)(क्ष + ३). आता कुठे क्ष + ३ हा सामाईक अवयव नजरेला पडतो. तो आधीपासून तिथेच होता, पदांच्या गर्दीत हरवलेला.

याच राशीला (क्ष − ३)/(क्ष + २) ने गुणा. सगळंच कटतं आणि उत्तर येतं १. शून्य नव्हे! सगळं कटलं म्हणजे काहीच उरलं नाही, असं समजून शून्य लिहिणारं कुणी ना कुणी वर्गात असतंच.

कधी चुकीची काटही फळते, हे खरं. १६/६४ मधले दोन्ही ६ खोडा, १/४ उरतं आणि ते बरोबर असतं. १९/९५, २६/६५ आणि ४९/९८ यांचंही तसंच. उत्तर जुळलं म्हणून रीत खरी ठरत नाही, हे पटवायला याहून चांगली उदाहरणं मला माहीत नाहीत.

पण मी सर्वांत जास्त रेंगाळतो ते शेवटच्या अटीपाशी. उत्तर १, त्यात क्ष चा मागमूस नाही. तरीही क्ष ची किंमत ३, −३ किंवा −२ असून चालत नाही, कारण मूळ मांडणीत तिथे छेद शून्य होतो. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्य छेदाच्या राशीला ‘खहर’ असं नाव दिलं. आजचं गणित अशा भागाकाराला अर्थच देत नाही. म्हणजे अवयव कागदावरून गेला, त्याने घातलेली अट मात्र राहिली. आपल्याकडे ही ओळ वहीत बहुधा लिहिलीच जात नाही. गुण त्यावाचूनही मिळतात. माझ्या मते अर्धं गणित त्या ओळीत आहे.

घरातल्या मुलाची वही आज तपासायला घेतलीत, तर उत्तरावर बरोबरची खूण करण्याआधी शेजारी ‘क्ष ≠ ३, −३, −२’ असं काही लिहिलंय का, तेवढं जरूर बघा.